मे महिन्यात कॉर्क नशिबाने जिंकलं नव्हतं

गुरुवार, 4 जुलै 2024. शार्लव्हिल, काउंटी कॉर्क, आयर्लंड.

आज जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडायच्या आधीच समोरून प्रश्न आला, "मग, रविवारी येणार ना इतिहास घडताना बघायला?"

विचारणारे माझे सहकारी शेजारच्या लिमरिक काउंटीतले (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), किलमॅलकचे. दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत आम्ही नऊ वर्षं शेजारच्या टेबलांवर काम करतोय. माझ्या घरापासून त्यांचं गाव गाडीने पंधरा मिनिटांवर. पण मधे काउंटीची हद्द आहे, आणि या आठवड्यात ती हद्द आमच्या दोघांच्या मधल्या जेवणाच्या टेबलावरूनही जाते आहे. रविवारच्या कॉर्क-लिमरिक हर्लिंग सामन्यावरून सोमवारपासून रोज अर्धा तास आम्ही भांडतोय. बाकीचे ऐकायला खुर्च्या ओढून बसतात. आज सुट्टी संपली आणि माझं म्हणणं अर्धवटच राहिलं, म्हणून ते इथे लिहिते. मराठीत लिहिते, कारण माझ्या मराठी मित्रमैत्रिणींना मी इतकी वर्षं या खेळाबद्दल सांगतेय आणि अजूनही कोणीतरी विचारतंच, "हॉकीच ना ते?"

नाही, हॉकी नाही. हर्लिंगमध्ये चेंडू जमिनीवर कमी आणि हवेत जास्त असतो. प्रत्येक संघात 15 खेळाडू. हातात अ‍ॅशच्या लाकडाची चपट्या टोकाची काठी, तिला इथे हर्ली म्हणतात (किलकेनीकडचे लोक 'हर्ल' म्हणतात, त्यावरूनही इथे वाद होतात). चेंडू चामड्याचा, आमच्या लेदर बॉलपेक्षा थोडा लहान, त्याला श्लिटर म्हणतात. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन. दांडीवरून गेला तर एक पॉइंट. म्हणून स्कोअर 3-28 असा लिहितात: 3 गोल, 28 पॉइंट, एकूण 37. सत्तर मिनिटांत एवढे! आणि चांगला खेळाडू ऐंशी मीटरवरूनही पॉइंट मारतो, धावता धावता, अंगावर दोन माणसं असताना.

एकालाही पगार नाही. रविवारी ब्याऐंशी हजारांच्या क्रोक पार्कमध्ये उतरणारा माणूस सोमवारी शाळेत शिकवायला किंवा ऑफिसला जातो. आणि आपल्या काउंटीकडूनच खेळतो. त्याला कोणी विकत घेत नाही. जो ज्या गावच्या क्लबचा, तो त्या काउंटीचा. मी कोल्हापूरची. तालमीचा फुटबॉल बघत मोठी झाले. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की आमच्या गल्लीत कोण कोणाशी बोलतंय हे त्यावर ठरायचं. त्यामुळे इथे आल्यावर मला भाषा समजायला वेळ लागला, हवा समजायला त्याहून जास्त लागला, पण हे समजायला एक दिवसही लागला नाही.

आता मुद्द्यावर येते. रविवारी दुपारी चार वाजता ऑल-आयर्लंडची, म्हणजे देशाच्या अजिंक्यपदाची, सेमीफायनल आहे, लिमरिक विरुद्ध कॉर्क. लिमरिकने 2020, 2021, 2022 आणि 2023 अशी सलग चार वर्षं त्याचा लिअम मॅकार्थी कप नेलाय. सलग पाच आजवर कोणालाच जमलेले नाहीत. ज्या संघटनेच्या नावाने हा सगळा कारभार चालतो ती जीएए (गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन) 1884 साली थर्ल्सच्या एका हॉटेलात स्थापन झाली, तेव्हापासून कोणालाच नाही. सलग चार याआधी दोघांनी जिंकले: 1941 ते 44 कॉर्कने आणि 2006 ते 09 किलकेनीने. पाचव्याच्या वाटेवर दोघांनाही टिपररीने अडवलं, कॉर्कला 1945 मध्ये, किलकेनीला 2010 च्या फायनलमध्ये. यंदा वाटेत टिपररी नाही. यंदा आम्ही आहोत.

माझ्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की लिमरिकचा हा संघ आयर्लंडने पाहिलेला सर्वोत्तम संघ आहे. यावर मी वाद घालत नाही. किअन लिंचच्या हातात चेंडू आला की तो पुढे काय करणार हे त्याच्या अंगावरच्या बचावपटूलाही कळत नाही, आणि मला तो बघायला मनापासून आवडतो. डिअरमिड बर्न्स स्वतःच्या अर्ध्यातून पॉइंट मारतो. अ‍ॅरन गिलेनला गोलसमोर एक पाऊल मोकळं मिळालं की संपलं. म्हन्स्टर प्रांताची ट्रॉफी त्यांनी गेल्या महिन्यात सलग सहाव्यांदा घेतली. हे सगळं खरं आहे.

पण पुढे ते म्हणतात, "मे महिन्यात तुम्ही जिंकलात ते नशिबाने." हे मला मान्य नाही, आणि ही पोस्ट त्याचसाठी आहे.

11 मे ला कॉर्कच्या पार्क ई क्वीव्ह मैदानावर काय झालं ते सांगते. कॉर्क म्हन्स्टरमधले आधीचे दोन सामने हरलं होतं, वॉटरफर्डशी आणि क्लेअरशी. तिसरा हरलं असतं तर घरी. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली, पॅट्रिक हॉर्गनने ती जाळ्यात मारली आणि कॉर्क 3-28 विरुद्ध 3-26 असं दोन पॉइंटने जिंकलं. लोक मैदानात घुसले. माझा अकरा वर्षांचा मुलगा माझा हात सोडून धावला आणि मी त्याला वीस मिनिटांनी एका अनोळखी आजोबांच्या खांद्यावर बसलेला पाहिला.

लिमरिकवाले फक्त ती पेनल्टी धरून बसलेत. ती होती की नव्हती यावर किलमॅलक ते शार्लव्हिल रस्त्यावरच्या प्रत्येक घरात मत आहे. मी म्हणते, पेनल्टी बाजूला ठेवा. पण त्याआधी कॉर्कने लिमरिकविरुद्ध जे उभं केलं ते कोणत्या नशिबाने? लिमरिकची ताकद त्यांच्या मधल्या बचावफळीत आहे. समोरच्या गोलकीपरने लांब मारलेला चेंडू ते हवेतच काढून घेतात. म्हणून बाकीचे संघ घाबरून पकआउट (खेळ पुन्हा सुरू करायला गोलकीपर मारतो तो चेंडू) आखूड मारायला लागतात, आणि मग लिमरिकचे धिप्पाड फॉरवर्ड त्यांना त्यांच्याच गोलसमोर कोंडून टाकतात. दोन्हीकडून मरण. कॉर्कचा गोलकीपर पॅट्रिक कॉलिन्स त्या दिवशी घाबरला नाही. त्याने चेंडू लांब मारले, पण उंच टांगून नाही, सपाट आणि वेगाने, बाजूच्या मोकळ्या जागेत. तिथे धावत येणारा माणूस आधीच ठरलेला होता. आणि चेंडू मिळाल्यावर आमची पोरं पॉइंटवर समाधान मानून परत फिरत नव्हती, सरळ गोलकडे घुसत होती. लिमरिकशी पॉइंटला पॉइंट देत बसलात तर हराल. ते तीस मारतात. त्यांच्याविरुद्ध गोलच मारावे लागतात. कॉर्कच्या व्यवस्थापकाने, पॅट रायनने, हे ओळखलं. दोनच आठवड्यांनी काय, आठच दिवसांनी टिपररीविरुद्ध थर्ल्समध्ये कॉर्कने चार गोल मारले. एकदा घडलं तर नशीब म्हणा. पाठोपाठ दुसऱ्यांदा घडलं तर ती पद्धत झाली.

यावर काल सहकारी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण क्रोक पार्क म्हणजे पार्क ई क्वीव्ह नव्हे." आणि इथे ते मला बरोबर दुखऱ्या जागी धरतात.

कारण 2018. तीही सेमीफायनल, तेच दोन संघ, तेच क्रोक पार्क. माझी तिथली पहिली मॅच, आणि मला तिथे घेऊन जाणारे हेच. तुम्हाला सांगते, इथे दोन्ही बाजूंचे प्रेक्षक वेगवेगळे बसवत नाहीत. हिरवा शर्ट, लाल शर्ट, मधे एखादी आजी सँडविच वाटणारी. सत्तर हजारांवर माणसं. शेवटची दहाएक मिनिटं उरली असताना कॉर्क सहा पॉइंटने पुढे होतं. मी मनात घरी फोन करून काय सांगायचं ते ठरवत होते. लिमरिक एकेक करून वर आलं, बरोबरी झाली. आणि अगदी शेवटी शेमस हार्नेडी गोलसमोर एकटा. हर्ली मागे गेली, आता मारणार, आणि लिमरिकच्या निकी क्वेडने पुढे झेपावून काठीच्या टोकाने चेंडू त्याच्या हर्लीवरून अलगद काढून घेतला. मी तो क्षण नंतर कितीतरी वेळा पाहिलाय. अजूनही वाटतं, या वेळी आत जाईल. जादा वेळेत लिमरिक चारने जिंकलं, मग फायनलमध्ये गॉलवेला हरवून 1973 नंतर पहिल्यांदा कप घरी नेला. तिथून त्यांचं हे सगळं राज्य सुरू झालं. परतीच्या वाटेवर सहकारी गाडी चालवत होते आणि रडत होते. पंचेचाळीस वर्षं! मी मागच्या सीटवर वेगळ्या कारणाने रडत होते. कोणीच काही बोललं नाही. बंद पडायला आलेल्या एका पेट्रोल पंपावर त्यांनी मला चहा आणून दिला.

पुढे 2021 च्या फायनलमध्ये लिमरिकने आम्हाला 16 पॉइंटने धुतलं. गेल्या वर्षी म्हन्स्टरमध्ये एका पॉइंटने हरवून बाहेर काढलं. म्हणजे सहकाऱ्यांकडे दाखले आहेत, मी नाकारत नाही.

तरी रविवारी कॉर्कच जिंकेल असं मला वाटतं, आणि लाल झेंडा खिडकीत आहे म्हणून नव्हे. लिमरिक 9 जूनची म्हन्स्टर फायनल खेळून थेट सेमीफायनलला आलंय. चार आठवडे त्यांनी सामना खेळलेला नाही. सहकारी म्हणतात विश्रांती मिळाली, पाय ताजे. मी म्हणते हर्लिंगमध्ये हाताची आणि डोळ्याची गती सामन्यातच येते, सरावात नाही. कॉर्क या काळात ऑफलीशी आणि डब्लिनशी बाद फेरीचे दोन सामने खेळलं. डब्लिनविरुद्ध काही खास खेळलं नाही, पण जिंकलं. ठेचकाळत जिंकायला शिकलेला संघ मला जास्त विश्वासाचा वाटतो.

भीती एकाच गोष्टीची आहे. हाफटाइमनंतरची पंधरा-वीस मिनिटं. लिमरिक तिथे सामना हातात घेतं. गेल्या वर्षीच्या फायनलला किलकेनी हाफटाइमला पुढे होतं आणि शेवटी नऊने हरलं. कॉर्कने तो वीस मिनिटांचा मारा झेलला, तर शेवटी आपली पोरं जास्त धावतील. आमच्या क्लबचा डॅरा फिट्झगिबन मधल्या फळीत असतो. सत्तराव्या मिनिटालाही तो पहिल्या मिनिटासारखा धावतो, हे आमच्या गावात शाळेतल्या पोराला विचारा, तोही सांगेल.

आणि हॉर्गन. 36 वर्षांचा झालाय. 2008 पासून कॉर्ककडून चॅम्पियनशिप खेळतोय आणि एकही ऑल-आयर्लंड पदक नाही. 2013 च्या फायनलला त्याने शेवटी पॉइंट मारून कॉर्कला पुढे नेलं होतं, कप हातात आलाच होता, तेवढ्यात क्लेअरच्या एका बचावपटूने बरोबरी केली आणि फेरसामन्यात सगळं गेलं. कॉर्कने शेवटचा कप 2005 ला उचलला. तीस वेळा जिंकलेल्या काउंटीत आज 19 वर्षांची पोरं आहेत ज्यांनी तो कप कधी घरी आलेला पाहिलाच नाही. लिमरिकच्या लोकांना हे दुःख सगळ्यात चांगलं कळायला हवं. त्यांनी ते पंचेचाळीस वर्षं सोसलंय. काल मी हे बोलले तेव्हा सहकारी म्हणाले, "कळतं. म्हणूनच एकही वर्ष सोडायचं नाहीये." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

काही जणांना प्रश्न पडेल, कोल्हापूरची बाई, तुला कॉर्क काय आणि लिमरिक काय. 2015 ला आम्ही घर शोधत होतो तेव्हा एक घर इकडे होतं आणि एक तिकडे, हद्दीपलीकडे. इकडचं भाडं थोडं कमी होतं. एवढंच. मुलगा इथल्या शाळेत गेला, शाळेतून क्लबात गेला, आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाला, "आई, आपण कॉर्कचे." माणूस कुठला, हे या हद्दीवर नेहमीच गुंतागुंतीचं राहिलंय. आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष झालेले एमन डी व्हॅलेरा लिमरिकमधल्या ब्रुरीत वाढले आणि शाळेला आमच्या शार्लव्हिलमध्ये यायचे, मैलोन्‌मैल चालत.

सहकाऱ्यांच्या घरी भिंतीवर एक जुना फोटो आहे, तो इथल्या बऱ्याच पबमध्येही दिसतो. 1957 ची म्हन्स्टरची मॅच. कॉर्कचा ख्रिस्टी रिंग जखमी होऊन मैदानाबाहेर चाललाय, आणि पांढऱ्या कोटातला अंपायर त्याच्याकडे बघून काहीतरी बोलतोय. अंपायर म्हणजे लिमरिकचा मिक मॅकी, एकेकाळचा त्याचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी. दोघांच्या चेहऱ्यावर हसू आहे. काय बोलले यावर कॉर्कचे लोक एक सांगतात, लिमरिकचे दुसरं. सहकाऱ्यांनी मला त्यांची आवृत्ती सांगितली. मी त्यांना आमच्या गावातली सांगितली. पटलं कोणालाच नाही.

रविवारी सकाळी आम्ही त्यांच्याच गाडीतून निघतोय. पुढे ते आणि त्यांच्या पत्नी, मागे मी, माझा नवरा आणि मुलगा. मुलाने झेंडा खिडकीबाहेर काढायची परवानगी मागितली होती. ते म्हणाले, हद्दीपासून डब्लिनपर्यंत डावी खिडकी तुझी, उजवी माझी. पोळ्या आणि बटाट्याची भाजी मी करतेय, फ्लास्क त्यांच्याकडे.

माझा अंदाज: कॉर्क, एका गोलने.