निळी पूड आणि फुकट डिझेल: खुलासा
रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून हर्णै बंदरापर्यंत मेसेज फिरतोय: कोबाल्टची निळी पूड समुद्राच्या पाण्यात टाका, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं डिझेल होतं. तसं होत नाही.

ही पूड म्हणजे कोबाल्ट थॅलोसायनीन, कोबाल्ट धातू असलेलं एक रंगद्रव्य. (तिचं तांब्याचं भावंड निळ्या ऑइलपेंटमध्ये असतं.) कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर तिचे सुटे रेणू बसवून येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये पाण्यात मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) मिळवलं, हे खरं. पण मिथेनॉल, डिझेल नव्हे. आणि वीज देऊन. कार्बन डायऑक्साइड ही जळून उरलेली राख. तिचं पुन्हा सरपण करायचं तर जळताना निघाली त्याहून जास्तच ऊर्जा ओतावी लागते. त्यातली काही वीज पाण्यातून हायड्रोजन सुटण्यातही वाया जाते.

पूड विकायला कुणी बंदरावर आलाच, तर आधी त्याची स्वतःची होडी तिच्यावर चालवून दाखवायला सांगा.