सोवेल, शिडी आणि कापसाची शेतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कृष्णवर्णीय अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही इतकं सविस्तर आणि कडक लिहिलंत की दोन ओळींत उत्तर देणं योग्य झालं नसतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा माणूस वर्णाधारित सवलतींच्या शिडीने वर चढला आणि मग ती शिडी काढून घ्या म्हणाला, मुक्त बाजाराच्या विचारासाठी ओळखल्या जाणाऱ्या शिकागो विद्यापीठात जे पढवलं तेच तो बोलतो, भारतातल्या आरक्षणाबद्दल बोलायचा त्याला अधिकार नाही, आणि किमान वेतनाबद्दलचे त्याचे आकडे मी न तपासता उतरवले. शेवटच्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. पहिल्या तिन्हींवर मात्र माझा स्पष्ट मतभेद आहे. (खरा उच्चार 'सोल'च्या जवळचा आहे, मराठीत 'सोवेल' रूढ झालंय, म्हणून तेच ठेवतो.)

शिडीचा आरोप तारखांपुढे टिकत नाही. जन्म १९३० चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या गॅस्टोनियाचा. वडील जन्माआधीच वारले होते. आई लोकांच्या घरी काम करायची आणि तिच्या पदरी आधीच चार मुलं होती, म्हणून नात्यातल्या एका आजीने या मुलाला वाढवलं. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आल्यावर स्टायव्हेसंट या निवडक सरकारी शाळेत प्रवेश मिळाला, पण घरच्या ओढगस्तीत शाळा सुटली. मग तारा पोचवण्याचं काम, यंत्रशाळेतली मजुरी, १९५१ मध्ये मरीन कोअरमध्ये भरती आणि तिथे छायाचित्रण. सैन्यातून सुटल्यावर दिवसा वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरी, रात्री हॉवर्ड विद्यापीठाचे वर्ग, तिथून हार्वर्ड, आणि १९५८ ला अर्थशास्त्राची पदवी. 'अफर्मेटिव्ह अॅक्शन' (तुम्ही म्हणता त्या सवलतींचं अमेरिकी नाव) हे शब्द असलेला राष्ट्राध्यक्ष केनेडींचा आदेश मार्च १९६१ चा. विद्यापीठांनी प्रवेशात वर्णाचा विचार मोठ्या प्रमाणावर सुरू केला तो त्यानंतर काही वर्षांनी. हे सगळं घडण्याआधीच त्यांच्या हातात पदवी होती.

सरकारी मदत मिळालीच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. माजी सैनिकांसाठीच्या शिक्षण योजनेचा त्यांना उपयोग झाला, आणि शाळाही सरकारीच होती. तुम्ही 'सवलती'ऐवजी 'सार्वजनिक पैसा' म्हटलं असतंत, तर मी मान डोलावली असती.

'शिकागोने पढवलं' हा आरोप तर घटनाक्रमाच्या अगदी उलट आहे. विशीत सोवेल मार्क्सवादी होते, हार्वर्डचा पदवी प्रबंधही मार्क्सवरच. शिकागोत मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते मिल्टन फ्रीडमन यांच्या वर्गात बसूनही ते मार्क्सवादीच राहिले. विचार हलले १९६० च्या उन्हाळ्यात, अमेरिकेच्या श्रम खात्यात काम करताना. विषय होता पोर्टो रिकोच्या साखर उद्योगातलं किमान वेतन. वेतनदर वाढत होते आणि रोजगार घटत होता. एक खुलासा असा की मजूर महाग झाल्यामुळे कामं गेली. दुसरा असा की वादळांनी ऊस झोपवला, म्हणून कामं गेली. सोवेल यांनी सुचवलं की वादळापूर्वी शेतात किती ऊस उभा होता त्याचे आकडे मागवा, म्हणजे दोन्हींतलं खरं कोणतं ते कळेल. खात्यात या सूचनेचं स्वागत झालं नाही. वेतन कायद्याची अंमलबजावणी हे त्याच खात्याच्या निधीचं आणि नोकऱ्यांचं मोठं साधन होतं. कायदा गरिबाला उपयोगी पडतो का, हा प्रश्न खात्याला परवडणारा नव्हता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पक्षाशी बांधिलकीही शोधून सापडत नाही. १९७२ पर्यंत नाव डेमोक्रॅट म्हणून नोंदलेलं, नंतर कुठल्याच पक्षात नाही. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळावर घेतलं तेव्हा एका बैठकीनंतर त्यांनी ते सोडलं.

भारताबद्दल. सोवेल यांनी भारत, मलेशिया, श्रीलंका, नायजेरिया आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या राखीव धोरणांची तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात हरियाणाचा दाखला आहे: अनुसूचित जातींतल्या ३७ गटांपैकी १८ गटांना एकही शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. लाभ गटातल्या पुढारलेल्यांपाशी थांबतो, ही त्यांची मांडणी. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली, तेव्हाही असमान वाटप हाच कळीचा मुद्दा होता. मग सोवेल यांना निरीक्षणाचा अधिकार नाही असं कसं म्हणायचं? त्यांचं चुकतं ते पुढच्या पायरीवर. वाटप असमान आहे म्हणून धोरणच नको, हे निरीक्षणातून आपोआप निघत नाही. न्यायालयाने त्याच वस्तुस्थितीवरून वाटप सुधारण्याची वाट मोकळी केली. शिवाय सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल या अभ्यासकांनी २००७ मध्ये दाखवलं की पात्रता सारखीच असलेल्या अर्जांवर फक्त आडनाव दलित असेल तर खासगी कंपन्यांकडून बोलावणं येण्याची शक्यता लक्षणीय घटते. शिकलेला, पुढारलेला उमेदवारही या गाळणीतून सुटत नाही. सोवेल भेदभाव नाकारत नाहीत, पण त्याचं वजन कमी धरतात, आणि इथे त्यांची मांडणी उणी पडते.

आता तुमची सर्वांत मोलाची ओळ: 'दक्षिणेतल्या शेतमजुरांचं काय?' (दक्षिण म्हणजे अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं.) लेखात मी, किमान वेतनामुळे कृष्णवर्णीय मुलांची कामं गेली असं सांगणारा सोवेल यांचा आवडता दाखला दिला होता. १९४८ मध्ये १६-१७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांची बेकारी ९.४ टक्के होती, श्वेतवर्णीयांची १०.२ टक्के. १९३८ चा किमान वेतन कायदा युद्धकाळातल्या महागाईने निष्प्रभ झाला होता. जानेवारी १९५० मध्ये तासाचा दर ४० सेंटवरून ७५ सेंटवर गेला आणि त्यानंतर दोन्ही गटांच्या बेकारीत दरी पडली. आकडे खरे आहेत. गोची आहे ती त्यांतल्या माणसांच्या कामात. १९४८ मधली कितीतरी कृष्णवर्णीय मुलं दक्षिणेत कापूस वेचत होती. घरच्या वाट्याच्या शेतीवर आठवड्याला १५ तास बिनपगारी राबणारा मुलगाही सरकारी मोजणीत 'रोजगारात' धरला जातो. नंतरच्या वीस वर्षांत वेचणी यंत्राने हे काम जवळजवळ संपवलं. आणि शेतमजुरांना किमान वेतन लागू झालं ते १९६६ च्या दुरुस्तीनंतर, १९६७ पासून. ज्या कामाला कायदाच लागू नव्हता, ते काम गेल्याचा दोष त्या कायद्याला कसा देणार? अर्थतज्ज्ञ जॉन कोगन यांनी १९८२ मध्ये हेच मोजलं: कृष्णवर्णीय मुलांच्या रोजगारातली १९५० ते १९७० मधली घट मुख्यतः दक्षिणेतली शेतीची कामं आटल्याने झाली. यातून किमान वेतनाचा वाटा शून्य ठरत नाही. शेतातून बाहेर पडलेल्या मुलांना शहरात सामावून घेणं त्यामुळे अवघड झालं असू शकतं. पण तो दुय्यम खुलासा झाला, आणि मी तो मुख्य म्हणून मांडला होता.

पोर्टो रिकोत सोवेल यांनी उभा ऊस मोजायला सांगितलं होतं. इथे उभा कापूस मोजायला हवा होता. लेखातलं 'किमान वेतनाने ही दरी निर्माण केली' हे वाक्य आज काढलं. त्या जागी आता असं आहे: 'दरी १९५० नंतर पडली, तिचं मुख्य कारण दक्षिणेतल्या शेतीचं यांत्रिकीकरण, आणि किमान वेतनाचा वाटा किती यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत.'