मासेमारीच्या बैठकीत सॉफ्टवेअर पेटंट

६ जुलै २००५ ला युरोपियन पार्लमेंटने सॉफ्टवेअर पेटंटच्या कायद्याचा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. 'साध्या प्रोग्रामरांनी बड्या कंपन्यांना लोळवलं' असं त्याचं वर्णन होतं. ते अर्धंच खरं आहे.

मूळ भांडण दोन शब्दांचं. १९७३ च्या युरोपियन पेटंट कराराचं कलम ५२ म्हणतं, संगणक प्रोग्रामला पेटंट नाही. पण पुढे शेपूट आहे: 'ॲज सच', म्हणजे निव्वळ प्रोग्राम म्हणून. म्युनिकच्या युरोपियन पेटंट ऑफिसने हेच शेपूट धरलं. प्रोग्रामचा काही 'तांत्रिक परिणाम' दाखवा, पेटंट घ्या. युरोपियन आयोगाचा २००२ चा मसुदा ही वहिवाट कायद्यात बसवायला निघाला होता. २००३ मध्ये पार्लमेंटने पाचर मारली: नुसती डेटाची उलाढाल म्हणजे तंत्रज्ञान नव्हे, आणि दोन प्रणालींचा संवाद जमवण्यासाठी पेटंटमधली पद्धत वापरली तर तो भंग नाही. मे २००४ मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या कौन्सिलने ही पाचर उपसून काढली.

खरी गंमत पुढे. कौन्सिलमध्ये 'ए-आयटम' नावाचा प्रकार आहे: चर्चा नाही, गठ्ठ्याने मंजुरी, आणि बैठक कुठल्याही खात्याची चालते. म्हणून २१ डिसेंबर २००४ ला हा मसुदा चक्क शेती-मासेमारीच्या बैठकीत आला! पोलंडच्या उपमंत्र्यांनी स्वतः ब्रसेल्स गाठून तो यादीतून काढायला लावला. लॉबिंग म्हटलं की आपल्याला जेवणावळी दिसतात. मला अशी विषयपत्रिका जास्त घातक वाटते. ७ मार्च २००५ ला मसुदा शेवटी ए-आयटम म्हणूनच पुढे सरकला.

पार्लमेंटच्या दुसऱ्या वाचनात दुरुस्तीला ७३२ पैकी ३६७ मतं लागत. गैरहजर सदस्य म्हणजे विरोधी मतच. या मसुद्याची जबाबदारी असलेले सदस्य मिशेल रोकार यांच्या दुरुस्त्या पेटंटला आवर घालणाऱ्या होत्या. त्या पास होतील ही कंपन्यांना धास्ती, पडतील ही सॉफ्टवेअर पेटंटच्या विरोधकांना. मग दोघांनाही मसुदाच नको झाला. ६४८ चा आकडा असा जमला, आणि म्युनिकची वहिवाट जागची हलली नाही.

डिसेंबर २००४ मध्येच दिल्लीतही पेटंट कायदा बदलणारा वटहुकूम निघाला होता. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये प्रोग्रामला 'पर से', म्हणजे निव्वळ प्रोग्राम म्हणून, पेटंट नाही. या बंदीतून उद्योगातला तांत्रिक वापर आणि हार्डवेअरशी जोड वगळायची फट वटहुकुमात होती. २००५ मध्ये संसदेने ती बुजवली. 'पर से' मात्र राहिलं. म्हणूनच आजही सॉफ्टवेअरच्या अर्जातला पहिला दावा बघा, 'प्रोसेसर आणि मेमरी असलेली प्रणाली' अशी सुरुवात पुष्कळदा सापडेल.