खोटी नोट घ्यावी तर अस्सलच

युरोपातील जुन्या नोटा जमवण्याचे आपण मनावर घेतलेच असेल, तर खऱ्या नोटांच्या मागे लागून आपली अभिरुची उघडी पाडू नये. खरी नोट बँकेने छापलेली, लोकांनी वापरलेली आणि बँकेनेच परत घेतलेली असते. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखे काही घडतच नाही. पाहुण्यांसमोर अल्बम उघडून ‘ही मात्र खोटी आहे’ असे म्हणताना आवाजाला जे वजन येते, ते खरी नोट दाखवताना कधी आल्याचे मला स्मरत नाही.

हात बसावा म्हणून १९२३ सालच्या जर्मन नोटा घ्यायला हरकत नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत, आणि छापखाने इतके घाईत होते की कित्येक नोटांची मागची बाजू कोरीच राहिली. लाखो मार्कांची नोट आज किरकोळ पैशांत मिळते, त्यामुळे आपण लक्षाधीश झाल्याचे घरी सांगता येते आणि ते खोटेही ठरत नाही.

पुढची पायरी फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील असिन्या या कागदी चलनाची. नकली नोट करणाऱ्याला कायदा मृत्युदंड देईल आणि खबर देणाऱ्याला राष्ट्र बक्षीस देईल, असे त्या कागदावरच छापलेले असे. १७९० च्या दशकात इंग्लंडात या नोटांच्या नकला झाल्या, तेव्हा तिथल्या कारागिरांना स्वतःच्याच मृत्युदंडाचे वाक्य सुबक अक्षरांत उतरवून काढावे लागले. अर्थात घरच्या नोटांबाबत इंग्लंड एवढे उदार नव्हते. १७९७ नंतर एक आणि दोन पौंडांच्या साध्यासुध्या नोटा निघाल्या, त्यांच्या नकला झाल्या आणि १८२१ पर्यंत तीनशेहून अधिक माणसे त्यापायी फासावर गेली. १८०१ च्या कायद्याने तर खोटी नोट नुसती जवळ बाळगली तरी चौदा वर्षांची हद्दपारी होती. आपण छंदासाठी शतक योग्य निवडले आहे.

गोव्याच्या वाचकाला वास्को द गामाची निराळी ओळख करून द्यायला नको. त्याचे चित्र असलेली पोर्तुगालची ५०० एस्कुदोंची नोट मात्र अवश्य मिळवावी. आर्तुर आल्व्हेस रैस नावाच्या गृहस्थाने पोर्तुगालच्या बँकेच्या नावाने बनावट करारपत्र तयार केले आणि ती बँक ज्यांच्याकडून नोटा छापून घेत असे, त्याच लंडनच्या वॉटरलो कंपनीकडून लाखो नोटा छापून घेतल्या. कागद तोच, ठसे तेच. क्रमांक दुबार येतील खरे, पण या नोटांवर पुढे ‘अंगोला’ या पोर्तुगीज वसाहतीच्या नावाचा शिक्का पडणार आहे, अशी कंपनीची समजूत घालण्यात आली. त्या पैशांवर रैसने स्वतःची बँक काढली आणि पोर्तुगालच्या बँकेचेच शेअर गोळा करायला घेतले. डिसेंबर १९२५ मध्ये पोर्तु शहरात एकाच क्रमांकाच्या जोडनोटा सापडल्या आणि सगळे उघड झाले. पण खरी कोणती आणि खोटी कोणती हे बँकेलाही सांगता येईना, म्हणून तिने दोन्ही सारख्याच श्रद्धेने बदलून दिल्या. विक्रेत्याने ‘ही खात्रीने खोटी आहे’ असे शपथेवर सांगितले, तर त्याच्याकडे बँकेहून अधिक ज्ञान आहे असे समजून नमस्कार करावा आणि निघावे.

या छंदाचा कळस म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने ब्रिटनच्या खोट्या नोटा काढण्यासाठी चालवलेल्या बर्नहार्ड मोहिमेतील पांढरी पाच पौंडांची नोट. पातळ पांढरा कागद, एकाच बाजूला काळी छपाई, डाव्या कोपऱ्यात बसलेली, ब्रिटनचे प्रतीक असलेली ब्रिटानिया आणि खाली बँक ऑफ इंग्लंडचे मुख्य रोखपाल पेपिअट यांची सही. माझी पहिली बर्नहार्ड मी घरी येऊन खिडकीशी धरली, तेव्हा कागदाच्या पोटात असायला हवे ते नागमोडी रेषांचे जलचिन्ह वरून फिकट शाईने छापलेले निघाले. विक्रेत्याकडे तक्रार केली, तर ‘आपण खोटीच मागितली होती ना?’ असे त्याने नम्रपणे विचारले. मी निरुत्तर झालो. खोट्या नोटेची खोटी नोट विकणाऱ्याला फसवणूक करणारा म्हणावे की परंपरा चालवणारा, याचा निर्णय आपण आपल्या जबाबदारीवर करावा.

नोटेची प्रत ठरवताना आपण नखरे कराल, तेव्हा हेही ध्यानात असू द्यावे की हे काम आधी एकदा झालेले आहे. साक्सेनहाउझेन छळछावणीच्या १८ आणि १९ क्रमांकाच्या बराकींत एसएस या नाझी दलाचा अधिकारी बर्नहार्ड क्र्यूगर याच्या हाताखाली सुमारे १४० ज्यू कैदी या नोटा तयार करत, आणि तिथेही प्रतवारी होती: सर्वांत उत्तम नोटा हेरांसाठी आणि तटस्थ देशांसाठी, त्याखालच्या इतरत्र. नव्या चिंध्यांचा कागद दिव्याखाली निराळा दिसतो असे आढळल्यावर आधी वापरून मळलेल्या चिंध्या धुऊन घेण्यात आल्या. युद्ध संपता संपता पेट्या ऑस्ट्रियातील टॉप्लिट्झ तळ्यात बुडवल्या गेल्या आणि १९५९ मध्ये पाणबुड्यांनी त्यांतील काही वर काढल्या. तळ्यातली नोट आहे म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल, तर ओलीचे डाग पाहावेत. डाग पाडणे अवघड नसते.

मळाची बाब मात्र निराळी. नोट वापरातली दिसावी म्हणून कैद्यांना समोरासमोर रांगांत उभे करत. मुद्दाम हात मळवून ते नोटा एकमेकांकडे देत, दुमडत, टाचण्यांनी टोचत. तेव्हा अशी नोट हाती आली, तर हौसेने खोडरबर लावू नये आणि पाण्यात तर मुळीच घालू नये, कारण तो मळ मूळचा आहे आणि किमतीत धरलेला असतो. नोट हाताळताना पांढरे सुती मोजे घालावेत, म्हणजे आपल्या बोटांचा मळ त्यात मिसळणार नाही.