'हुशार बाळाची सात लक्षणं' हे फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल तर हे वाचा

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला, "हुशार बाळाची सात लक्षणं, प्रत्येक आईने वाचावंच", लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. नंतर तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला, म्हणजे फिरतोय भरपूर. त्यात जे म्हटलंय ते थोडक्यात असं: सातव्या-आठव्या महिन्यापासून वॉकरमध्ये बसवा म्हणजे बाळ वर्षाच्या आत चालतं आणि जे लवकर चालतं ते हुशार. जे रांगत नाही त्याचा मेंदू कच्चा राहतो. घरात एकच भाषा बोला, दोन ऐकल्या तर बाळ गोंधळतं. मोबाईलवर राइम्स लावा, लवकर बोलतं. वस्तू फेकणं-ओतणं हा हट्टीपणा, वेळीच मोडा. डावा हात पुढे करत असेल तर तेही वेळीच मोडा. आणि सातवं, मुलगा असेल तर बोलण्याची काळजीच करू नका, मुलगे तीन वर्षांपर्यंत बोलत नाहीत, डॉक्टर उगाच घाबरवतात.

मी वाचून सोडून दिलं असतं. पण त्याखाली माझ्या मामेबहिणीने लिहिलं, "हुश्श, वाचून बरं वाटलं." तिचा मुलगा वीस महिन्यांचा आहे आणि अजून एकही शब्द बोलत नाही (तिला विचारूनच हे लिहितीये). त्या एका हुश्शमुळे मी लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, माझी लेक सतरा महिन्यांची आहे, आणि जे वाचून, विचारून आणि दिवसभर तिच्यामागे फिरून कळलंय ते सांगतीये. माझं म्हणणं एवढंच आहे की या मेसेजमध्ये जिथं घाई नको तिथं घाई करायला सांगितलीये आणि जिथं एक महिनापण वाया घालवू नये तिथं तीन वर्षं थांबायला सांगितलंय.

आधी वॉकर. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा बरं का, तो बाळ मागे उभं राहून ढकलतं, अंगाचं वजन स्वतःच्या पायावर असतं. प्लास्टिकच्या वॉकरला मध्ये झोळीसारखी सीट असते, बाळ त्यात लटकतं आणि चवड्यांनी फरशी मागे लोटत सुटतं, तोल सांभाळायची गरजच पडत नाही, आणि चालायला शिकणं म्हणजे तर तोल सांभाळायला शिकणं. २००२ साली आयर्लंडमधल्या १९० बाळांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. त्यात वॉकरमध्ये घालवलेल्या दर २४ तासांमागे एकट्याने चालणं साधारण ३.३ दिवसांनी पुढे गेलेलं दिसलं. म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलट. आणि उशीर तर सोडाच, अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे लागलं म्हणून २ लाख ३० हजारांहून जास्त बाळांना इमर्जन्सीत न्यावं लागलं, बहुतेकांच्या डोक्याला-मानेला मार, आणि कारण बहुतेक वेळा जिन्यावरून पडणं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरची विक्रीच बंद केली. आमच्याकडेही एक भेट आलेला, देणाऱ्यांनी अगदी प्रेमाने दिलेला, तो माळ्यावर आहे.

आता लवकर चाललं म्हणजे हुशार, याचं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या बाळांवर मोठा अभ्यास केला, त्यात आपल्या दिल्लीची बाळंही होती, आणि २००६ साली तक्ता काढला. एकट्याने चालण्याचा त्यातला काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत आहे. नऊ महिन्यांपेक्षा जास्त अंतर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी निरोगी बाळं! माझी लेक साडेतेराव्या महिन्यात चालली. संध्याकाळी सोफ्याला धरून उभी होती, समोर स्टुलावर आजीचा चष्मा होता, तिने सोफा सोडला, दोन पावलं टाकली, स्टुलाला धडकली आणि चष्मा हातात घेऊनच खाली बसली. रडली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या तर आमच्याकडे बघून तिनेही वाजवल्या. त्यानंतरचे दोन आठवडे मी बघत होते, उठायचं, चार पावलं, धपकन बसायचं, परत उठायचं, उंबऱ्यापाशी अडखळायचं, मग हात टेकून उंबरा ओलांडायचा आणि पलीकडे जाऊन परत उभं राहायचं. न्यूयॉर्कमध्ये कॅरन अडॉल्फ म्हणून संशोधक आहेत, त्यांच्या टीमने एक ते दीड वर्षाच्या मुलांचं खेळणं शूट करून पावलं मोजली होती. २०१२ चा तो अभ्यास सांगतो की सरासरी तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला सतरा! हे वाचलं त्या दिवसापासून मी ती पडली की धावत जायचं थांबवलं, नुसतं बघते, लागलं असेल तर उचलते, नाहीतर ती तिची उठते.

रांगण्याचं लगेच सांगून टाकते. त्याच तक्त्याच्या अभ्यासात ४.३ टक्के बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, पुढे व्यवस्थित चालली. कुणी पोटावर सरपटतं, कुणी बुडावर सरकत जातं. रांगलं नाही म्हणून मेंदू कच्चा, असं काही नसतं.

दोन भाषांच्या मुद्द्याने मला खरंच वाईट वाटलं, कारण आमचं घरच दोन भाषांचं आहे. सासर सोलापूरचं, सासूबाई नातीशी कन्नडमध्येच बोलतात, मी मराठीत. हा मेसेज वाचून त्या दोन दिवस तिच्याशी तुटक मराठीत बोलत होत्या, आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. तिसऱ्या दिवशी मी हात जोडून सांगितलं, आई, तुम्ही तुमच्यासारखंच बोला. लेकीला पाणी हवं असेल तर ती मला "मम" म्हणते आणि आजीला "नी", नीरुमधला नी. दूध मला "दुदू", आजीला "हालू". कुणाशी काय बोलायचं हे तिला बरोबर कळतं, याला गोंधळ कसं म्हणायचं? बेळगाव, जत, अक्कलकोट, गोव्यातली कोकणी-मराठी घरं, सगळीकडे पिढ्यान्पिढ्या मुलं अशीच वाढलीयेत. दोन भाषा ऐकल्याने बोलणं अडत नाही. फक्त मूल किती शब्द बोलतं हे मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे, एकाच भाषेचे मोजले तर ते उगाच मागे वाटतं.

मोबाईलच्या राइम्सने बोलायला येतं, यावर एक फार छान प्रयोग आहे. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. काही बाळांसमोर खरी बाई बसून गोष्ट वाचायची, खेळणी दाखवायची, आणि काहींना तीच बाई, तेच बोलणं, पण टीव्हीवर. बारा वेळा. समोर बाई होती ती बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली, टीव्हीवाली काहीच शिकली नाहीत. कारण टीव्ही उत्तर देत नाही. माझी लेक खिडकीत कबुतराकडे बोट दाखवून "का!" म्हणते, मी म्हणते हो गं, ते कबुतर, बघ कसं घुमतंय, मग ती माझ्याकडे बघते, परत कबुतराकडे, परत "का!" या येरझाऱ्यात शब्द पक्का होतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटनाही म्हणते की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, लांबच्या आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. मला माहितीये, एकटीला स्वयंपाक करायचा असतो तेव्हा हे किती अवघड जातं, ज्या आया दहा मिनिटं फोन देतात त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाहीये. पण फोनने मूल बोलायला शिकेल असं समजून देऊ नका.

फेकणं आणि ओतणं. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आमच्या स्वयंपाकघरातला खालचा कप्पा आता तिचा आहे, तिथं स्टीलचे डबे, झाकणं, दोन वाट्या, एक चाळणी. पहिल्यांदा ती झाकण नुसतं आपटायची. मग एकदा डब्यावर ठेवून बघितलं, मोठं झाकण बारक्या डब्यावर, घसरलं, परत ठेवलं, परत घसरलं. असं तीन-चार दिवस चाललं. मग एका सकाळी तिने झाकण ठेवायच्या आधी डब्याकडे बघितलं, हातातलं बाजूला टाकलं आणि दुसरं शोधलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं! खुर्चीवरून चमचा खाली टाकायचा आणि वाकून बघायचा, मी उचलून दिला की परत, मग वाटी, मग पोळीचा तुकडा. तुकड्याचा आवाज होत नाही हे कळल्यावर तिने दुसरा तुकडा टाकून परत कान दिला. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांचं असंच निरीक्षण करून लिहून ठेवलंय की साधारण एक ते दीड वर्षाचं मूल मुद्दाम थोडं थोडं बदलून तीच गोष्ट करून बघतं, काय होतंय ते शोधायला. त्यात आपल्याला त्रास द्यायचा हेतू नसतो. मेसेजमध्ये "वेळीच मोडा" लिहिलंय, यात मोडायचं काय? काचेचं, गरम, धारदार वर ठेवायचं आणि बाकीचं हाताशी द्यायचं. परवा तिने पोह्यांचा डबा ओतला, मी सूप घेऊन बसले, तर ती चिमटीने एकेक पोहा उचलून डब्यात टाकायला लागली, अर्धा तास. त्याच बोटांनी ती उद्या पेन्सिल धरणार आहे.

डाव्या हाताचं. या वयात मुलं दोन्ही हात वापरतात, कुठला हात पुढे राहणार ते बहुतेकांचं दोन ते चार वर्षांत ठरतं. डावखुरं निघालं तर निघालं, हातावर मारून ते बदलायचं नसतं. उलट वर्षाच्या आतच बाळ सतत एकच हात वापरतंय आणि दुसरा मुठीत आवळून ठेवतंय असं दिसलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, तेव्हा तो दुसरा हात तपासायला हवा असतो.

आता सातवा मुद्दा, ज्याच्यासाठी बसले. मुली सरासरीने थोड्या आधी बोलतात हे खरं आहे, पण थोड्या. मुलगे तीन वर्षांपर्यंत बोलतच नाहीत, हे साफ खोटं. सोळाव्या महिन्यापर्यंत अर्थ असलेला एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षं होऊनही "बाबा ये", "अजून मम" असे दोन शब्द जोडत नाही, तर तपासायचं, मुलगा असो की मुलगी. हाक मारल्यावर वळत नाही, बोट दाखवून तुम्हाला काही दाखवत नाही, किंवा आधी बोलत होतं ते बंद झालं, तर लगेच, वाढदिवसाची वाट न बघता. तपासलं म्हणजे काहीतरी निघेलच असं नाही, पण काही असेल तर ते कळायला हवं. आमच्या नात्यातल्या एका मुलाला सगळ्यांनी असंच "मुलगा आहे, बोलेल" म्हणून अडीच वर्षं थांबवलं, त्यात मीही होते, मीही तेच म्हटलं होतं. त्याला ऐकूच कमी येत होतं. मशीन लागल्यावर तो पंख्याचा आवाज ऐकून वर बघायला लागला, ते मी विसरू शकत नाही. जन्मतः ऐकू कमी असेल तर डॉक्टर सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू करायला सांगतात, आम्ही घरच्यांनी मिळून त्याची दोन वर्षं घालवली.

पैशाची अडचण असेल तर अंगणवाडीत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं, वाढीतला उशीरही त्यात बघतात, आणि गरज वाटली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मोफत असतं.

मामेबहिणीला मी मेसेज केला नाही, फोन केला. ती आधी चिडली, मग गप्प झाली, मग म्हणाली की तो दाराची बेल वाजली तरी वळत नाही, मला वाटायचं खेळात रमलाय. सोमवारी सकाळी कानांची बेरा टेस्ट आहे, म्हणजे ऐकू किती येतं ते बघणारी तपासणी. त्याला बाळ झोपलेलं लागतं, म्हणून त्यांनी सांगितलंय की आदल्या रात्री उशिरा झोपवा, लवकर उठवा आणि येताना गाडीत झोपू देऊ नका. मी मागच्या सीटवर त्याच्या शेजारी बसणार आहे. लेकीची झाकणं आणि दोन डबे पिशवीत भरून ठेवलेत.