घरच्यांचा वाटा राहिलाच

मुलांच्या चिंतेवरचा तुमचा लेख वाचला. 'चिंताग्रस्त मुलाला दोन अर्थ निघू शकतील अशा प्रसंगात धोकाच दिसतो, म्हणून ते टाळाटाळ करतं' हे त्यातलं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. 1996 साली ऑस्ट्रेलियात बॅरेट, रॅपी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात चिंताग्रस्त आणि भांडखोर, दोन्ही मुलांना असे प्रसंग धोक्याचे वाटले. पहिली टाळण्याकडे वळली, दुसरी अंगावर जाण्याकडे. आणि आईवडिलांशी चर्चा झाल्यावर चिंताग्रस्त मुलांचं टाळणं कमी व्हायचं सोडून वाढलं! लेखात याचा उल्लेखही नाही.

आमच्या खानापूर भागात हे नेहमी दिसतं. माझी भाची गावच्या मराठी शाळेतून बेळगावच्या हायस्कूलला गेली. मधल्या सुट्टीत दोन मुली हिच्याकडं बघून कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या आणि हसल्या. घरी आल्यावर आजी म्हणाली, "तुलाच हसल्या असणार, लांब राहा त्यांच्यापासनं." दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या पोटात दुखायला लागलं. ताईनं मात्र शांतपणे विचारलं, "आणि कशाला हसल्या असतील गं?" थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, "माझी वेणी सुटली होती, त्याला असेल." मग ताईनं तिला डबा घेऊन त्यांच्याच बाकावर बसायला सांगितलं. बसली!

सीमाभागात मोठ्यांच्या बोलण्यात भाषेचा वाद सतत असतो, पोरं तोच अर्थ उचलतात. कधी खरंच चिडवतात, तेव्हा शिक्षकांना भेटलंच पाहिजे. पण आधी पोराला विचारा तरी, नेमकं काय दिसलं, काय ऐकलं.