ज्यांना मत नाही, त्यांनाही विचारावं लागतं

३० नोव्हेंबर २०२५. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतला रविवार. रात्रीची जेवणं आटोपली होती आणि माझी मैत्रीण आमच्या डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. कामाच्या परवान्याच्या एका नव्या सरकारी नियमावर आपलं म्हणणं पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती.

ती एच-४ व्हिसावर आहे, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाची बायको म्हणून, आणि इथे न्यू जर्सीत एका डेकेअरमध्ये काम करते. तिचं ईएडी कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, फेब्रुवारीत संपणार होतं. आय-९४ची, म्हणजे इथे राहायच्या परवानगीची, तारीख बरीच पुढची होती, त्यामुळे ती निर्धास्त होती. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत गेला की नवीन कार्ड येईपर्यंत जुनं आपोआप ५४० दिवस चालायचं. डिसेंबर २०२४ मध्येच तो नियम कायम झाला होता. मग ३० ऑक्टोबर २०२५ला होमलँड सिक्युरिटी खात्याचा नवा नियम फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापून आला आणि त्याच दिवशी लागू झाला. त्या तारखेपासून येणाऱ्या अर्जांना ही आपोआपची मुदतवाढ बंद. हिचा अर्ज गेला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

नियम बदलायचा सरकारला अधिकार आहे, हे मला मान्य आहे. अर्जदाराची पुन्हा नीट तपासणी झाल्याशिवाय परवाना वाढवायचा नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यावर वाद होऊ शकतो. माझा आक्षेप वेगळा आहे. नियम आधी लागू झाला आणि लोकांचं म्हणणं मागवलं ते नंतर.

इथे १९४६ पासून एक कायदा आहे, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसिजर ॲक्ट. खात्याला नियम करायचा असेल तर आधी मसुदा छापायचा, लोकांचं म्हणणं मागवायचं, ते वाचायचं आणि महत्त्वाच्या मुद्द्यांना अंतिम नियमात लेखी उत्तर द्यायचं. उत्तर न देता पुढे गेलं तर कोर्ट नियम रद्द करू शकतं. आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, हे म्हणणं मांडायला नागरिक असावं लागत नाही. आपल्याला इथे मत नाही. कर भरतो, मुलं इथल्या शाळेत जातात, पण मत नाही. सरकारने आपलं ऐकायलाच हवं असं कायद्याने सांगितलेलं हे एक दार आहे.

या दाराचा उपयोग आपण पाहिलेला आहे. एच-४वाल्यांना काम करू द्यायचा मसुदा मे २०१४ मध्ये आला. त्यावर जवळपास १३ हजार प्रतिक्रिया गेल्या आणि २६ मे २०१५ला तो नियम लागू झाला. पुढे ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत तो रद्द करायचं ठरलं, सरकारच्या यादीत ते वर्षानुवर्षं राहिलं, पण मसुदा छापून लोकांना विचारण्यापर्यंत गाडी कधी पोचलीच नाही. जानेवारी २०२१ मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला. त्या काळात रोज घाबरत कामावर गेलेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत. त्यांची नोकरी टिकली, त्यात या लांबच्या रस्त्याचाही वाटा होता.

कायद्यात एक पळवाट आहे. ‘सबळ कारण’ असेल तर आधी न विचारता नियम करता येतो. ती आणीबाणीसाठी आहे. एप्रिल २०२५ मध्ये मात्र राष्ट्राध्यक्षांनी खात्यांना लेखी सांगितलं, की बेकायदेशीर ठरणारे नियम रद्द करताना हेच कारण वापरा, लोकांना विचारत बसू नका. अपवादाचा असा राजमार्ग होतो, याची मला खरी काळजी वाटते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. मे २०२२ मध्ये १८० दिवसांचे ५४० झाले, तेही बायडेन सरकारने आधी न विचारता, तात्पुरता नियम काढूनच केलं होतं. आपल्या सोयीचं होतं म्हणून आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आणि एच-१बी व्हिसाच्या लॉटरीत जास्त पगाराच्या पातळीला जास्त चिठ्ठ्या देणारा नियम मला अजिबात पटत नाही, नुकत्या शिकून बाहेर पडलेल्या मुलांवर तो अन्याय आहे. पण त्याचा मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये आधी आला, लोकांनी लिहिलं, मग डिसेंबरअखेर अंतिम नियम आला. तिथे निदान भांडायला जागा मिळाली.

तर त्या रात्री. मैत्रिणीने पहिल्यांदा लिहिलं, ‘कृपया या निर्णयाचा पुनर्विचार करावा.’ मी म्हटलं, अगं, हे कुणीही लिहील. तुझं कार्ड संपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी काय होणार ते लिही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने लिहिलं, की तिच्या खोलीत दोन-अडीच वर्षांची मुलं आहेत, त्यातला एक मुलगा दुपारी फक्त तिच्याजवळच झोपतो, आणि तिच्या जागी माणूस मिळाला नाही तर ती खोली बंद ठेवावी लागेल, म्हणजे त्या मुलांच्या आयांनाही कामावर जाता येणार नाही. त्यातल्या बहुतेक आया अमेरिकन नागरिक आहेत. साडेअकराला सबमिट केलं. आलेला ट्रॅकिंग नंबर तिने माझ्या फ्रिजवरच्या कालनिर्णयच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तयार मजकूर फिरतात. ते तसेच चिकटवू नका, एकसारखी हजार पत्रं एकाच मुद्द्यात मोजली जातात. स्वतःचं लिहा, पानभर पुरे. मसुदे रेग्युलेशन्स डॉट गव्हवर असतात. इंग्रजीत कसं मांडायचं असं वाटत असेल तर मला मेसेज करा, मराठीत सांगा. आपण टेबलाशी बसून लिहू.